हळदीचा पैरा

निघण्याआधी

गेल्या जूनपासून आमच्या पुण्याच्या घरात शिरताना दाराशीच एक कॉट लागत असे. पाहुणे चपला काढता काढता तिच्यावर आपटत आणि मग विचारत, "इथं कशी कॉट?" मी सांगायची, "तात्पुरती आहे." आम्ही प्रवासाला निघालो तेव्हा या तात्पुरतीला आठ महिने झाले होते.

कॉट माझ्या नवऱ्याची, श्रीकांतची. तो पाटबंधारे खात्यात आरेखक होता. सगळी नोकरी धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढण्यात गेली. जूनमध्ये त्याला हृदयविकाराचा सौम्य झटका आला, एक स्टेंट बसवली आणि चौथ्या दिवशी डॉक्टरांनी "आता तुम्ही ठणठणीत" म्हणून घरी पाठवलं. श्रीकांतचा त्या शब्दावर विश्वास बसला नाही. आठवड्याभरात त्याने बेडरूमचं दार, पॅसेज आणि लिफ्ट टेपने मोजून काढली आणि मला सांगितलं, की वेळ आली तर बेडरूममधून स्ट्रेचर वळणार नाही. पॅसेजच्या कोपऱ्यात नऊ इंच कमी पडतात. त्याने तसा नकाशाही काढला, मापं टाकून आणि उत्तर दिशा दाखवून. मग आमच्या सागवानी जोडकॉटमधली स्वतःची कॉट सुटी केली आणि वॉचमनला हाताशी घेऊन दाराशी आणून ठेवली. मी विचारलं, कॉट वळते तर स्ट्रेचर का नाही? तो म्हणाला, कॉट उभी करून नेता येते, पेशंट उभा करून नेता येत नाही. नकाशा त्याने दाराच्या मागे चिकटवला, म्हणजे ऐन वेळी कोणाला विचारावं लागू नये.

दुसरा बदल असा, की त्याच्या बोलण्यातून 'पुढच्या वर्षी' हे शब्द गेले. मासिकाची वर्गणी त्याने भरू दिली नाही. मी कैरीचं लोणचं घालायला बसले तर म्हणाला, "छोट्या बरणीत घाल." हळूहळू एकूण बोलणंच कमी झालं. मनगटावर नाडीचे ठोके दाखवणारा पट्टा आला आणि तो माझ्यापेक्षा त्या पट्ट्याकडे जास्त बघू लागला. मला भीती वाटायची आणि राग यायचा. खरं सांगायचं तर रागाचं प्रमाण जास्त होतं, कारण माणूस समोर जिवंत बसलेला असताना मी त्याच्यावाचून राहत होते.

आमची लेक बंगळूरला असते. तिने फोनवर हे सगळं ऐकलं आणि महाबळेश्वरला सात दिवसांच्या 'सर्वांगीण स्वास्थ्य शिबिरा'त आमची नावं घालून टाकली. शरीर, मन आणि नाती तिथे एकत्र दुरुस्त करून मिळणार होती. श्रीकांतने एकच प्रश्न विचारला, की तिथून जवळचं हॉस्पिटल किती किलोमीटरवर आहे. उत्तर समाधानकारक आलं आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही भाड्याच्या गाडीने निघालो.

महाबळेश्वर

शिबिर एका जुन्या बंगल्यात होतं. आम्ही चौदा जण होतो, सगळे मुंबई-पुण्याचे. शिकवणाऱ्या ताई जेमतेम तिशीच्या होत्या आणि इतक्या हळू आवाजात बोलायच्या, की पहिल्या तासाला मागच्या रांगेतल्या तिघांना शांतता लाभली आहे असं वाटलं. प्रत्यक्षात त्यांना ऐकू येत नव्हतं.

पहिल्या दिवशी आम्हाला प्रत्येकी एक कागद मिळाला. त्यावर एक वर्तुळ आणि वर्तुळाचे आठ भाग: आहार, झोप, काम, नाती, मन, छंद, निसर्ग आणि श्रद्धा. ज्या भागात आपण जितके समाधानी, तितका तो रंगवायचा. श्रीकांतने आधी ते वर्तुळ तपासलं. भाग सारखे नव्हते. त्याने कागद उलटा करून मागे नवं वर्तुळ काढलं आणि नऊ भाग पाडले.

ताई म्हणाल्या, "काका, नववा भाग कशाचा?"

"शेवटाचा," श्रीकांत म्हणाला, आणि तेवढाच भाग त्याने पूर्ण रंगवला.

ताईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. त्यांचा चेहरा मात्र पडला होता आणि मला त्यांची दया आली. मी माझ्या कागदावर 'नाती' हा भाग कोरा ठेवला आणि घडी घालून पर्समध्ये टाकला.

संध्याकाळी पावणेसहाला जेवण. सूर्यास्तानंतर जेवल्याने शरीराचं घड्याळ कसं बिघडतं हे ताईंनी पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं. जेवणात उकडलेला भोपळा, लाल तांदळाचा भात आणि कोशिंबीर होती. कोशिंबिरीला दह्याचा आणि दाण्याच्या कुटाचा वास नव्हता, म्हणजे आमच्याकडे तिला चिरलेली काकडी म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी 'निसर्गभ्रमण' करता करता बाजारात पोचले आणि स्ट्रॉबेरी विथ क्रीम खाल्लं. तिथे आमच्या गटातले आणखी पाच जण भ्रमण करत होते. आम्ही एकमेकांना ओळख दाखवली नाही.

तिसरा दिवस मौनाचा. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा कोणी बोलायचं नाही. दहा वाजेपर्यंत अर्धे लोक खुणा करकरून दमले. एका बाईंनी फोनवर 'मी मौनात आहे' असं चार ठिकाणी सांगितलं. श्रीकांत खुर्चीत बसून दरीकडे बघत होता. त्याला काही जड गेलं नाही, कारण घरी तो हेच करत होता. संध्याकाळी ताईंनी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं आणि म्हणाल्या, इतकं खोल मौन त्यांनी फार कमी लोकांत पाहिलंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. उठले आणि बंगल्यामागच्या स्ट्रॉबेरीच्या शेताच्या कडेला जाऊन रडले. फळं तोडणारी एक बाई टोपली घेऊन जवळ आली.

"काय हरवलं का वो?"

"नवरा," मी म्हटलं.

तिने आजूबाजूला पाहिलं. "हितंच आसंल की. कुटं जातंय?" म्हणाली आणि माझ्या ओंजळीत चार स्ट्रॉबेऱ्या घालून पुढच्या ओळीत वाकली.

चौथ्या दिवशी हास्ययोग होता. हात वर करून सगळ्यांनी मोठ्यांदा हसायचं. श्रीकांतनेही हात वर केले आणि तेवढ्यात मनगटावरचा पट्टा किंचाळला. ठोके एकशे अठरा. तो खाली बसला. त्या दुपारी त्याने मला सांगितलं, की साडेचार हजार फुटांवर हवा विरळ असते आणि आपण इथे राहणं शास्त्राला धरून नाही. त्याला घरी जायचं होतं. खरं म्हणजे त्याला त्याच्या कॉटवर जायचं होतं. मी वाद घातला नाही. बॅग भरता भरता बाल्कनीत जाऊन मी सांगलीकडे कुंडलला अण्णांना फोन लावला.

रहिमतपूरच्या अलीकडे

मेढ्याचा घाट उतरून आम्ही साताऱ्यात आलो. मी कंदी पेढे घेतले आणि एकटीने खाल्ले. हायवेला डावीकडे पुणे. मी ड्रायव्हरला सरळ जायला सांगितलं. श्रीकांत पट्ट्याकडे बघत होता, त्यामुळे पुणे मागे पडतंय हे त्याच्या लक्षात यायला रहिमतपूर जवळ यावं लागलं. तेही गाडी थांबली म्हणून.

रस्त्यात मेंढरं होती. नुसती मेंढरं, पुढे दिसेल तिथवर, आणि मधूनमधून घोड्यावर लादलेला संसार. माणदेशातले धनगर दिवाळी झाली की चाऱ्यामागे पश्चिमेकडे निघतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. आमच्या गाडीचा हॉर्न त्या कळपाने मनावर घेतला नाही. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. श्रीकांतने खिडकीतून रस्त्याची पाटी वाचली.

"हे पुणे नाही."

"नाही," मी म्हटलं. "अण्णांनी बोलावलंय."

अण्णा म्हणजे श्रीकांतचा जुना मित्र. नोकरीच्या सुरुवातीला दोघं सांगलीच्या ऑफिसात शेजारच्या टेबलांवर बसायचे. पुढे अण्णांनी नोकरी सोडली आणि कुंडलला घरची शेती धरली. त्यांनी बोलावलं होतं हे खरं होतं. मी फोन करून त्यांना बोलवायला सांगितलं होतं, एवढं मी सांगितलं नाही.

श्रीकांत काही बोलणार तोच एक म्हातारा मेंढपाळ काठी टेकत खिडकीशी आला आणि त्याच्या मनगटाकडे बघू लागला.

"त्ये काय म्हनायचं?"

"नाडी दाखवतं," श्रीकांत म्हणाला. "तब्येत कशी आहे ते कळतं."

"आन् त्ये नसलं तर कळत न्हाई?"

मी विचारलं, "बाबा, तुम्हाला एवढ्या मेंढरांतलं आजारी कुठलं ते कसं कळतं?"

"त्यात काय? रवंथ सोडलं आन् कळपातनं बाजूला बसाय लागलं, की वळखायचं."

"मग काय करता?"

"आदी उचलून कळपात घालतो. मग दवापानी." त्याने आणखी एकदा पट्ट्याकडे पाहिलं. "एकटं ऱ्हायलेलं मेंढरू दवाला दाद देत न्हाई बगा."

मी श्रीकांतकडे पाहिलं नाही. समोरच्या मेंढराकडे पाहत राहिले. कळप सरायला वीस मिनिटं लागली आणि तेवढ्यात श्रीकांत एकदाच बोलला. तो म्हणाला, "रस्त्याची रुंदी कमी आहे."

कुंडल

कुंडलला पोचायला सात वाजले आणि तिथेच पहिला घोळ झाला. अण्णांचं घर जैन. त्यांच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात आणि मग रात्री काही खात नाहीत. अण्णांनी आणि पद्मावहिनींनी आमच्यासाठी सहापर्यंत ताटं मांडून वाट पाहिली होती. मग नाइलाजाने ते दोघं जेवले. आम्ही अंगणात पाय ठेवला, तर वहिनी पुन्हा चुलीपुढे.

"अहो, नको," मी म्हटलं. "आम्हीही आता तसंच करतो. सूर्यास्ताआधी जेवायचं. शरीराचं घड्याळ असतं ना."

"आसंल," वहिनी म्हणाल्या. "आमच्यात घड्याळ न्हवतं तवापास्नं हाय. पर पावण्याला उपाशी ठेवायचं कुनी सांगितलंय? बसा."

गरम भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी आणि सायीचं दही. अण्णा आणि वहिनी समोर बसून आमचं जेवण बघत होते, पाणीही न पिता. आपण चोरून खातोय असं मला वाटत राहिलं. श्रीकांतने दोन भाकऱ्या खाल्ल्या. शिबिरात चार दिवसांत मिळून त्याने एवढं खाल्लं नव्हतं.

जेवणानंतर अण्णांनी त्याची विचारपूस केली. श्रीकांतने झटक्याची सगळी हकीकत सांगितली, तारखेसकट. शेवटी हळू आवाजात म्हणाला, "एक स्टेंट आहे."

"एकच?" अण्णा म्हणाले. "माझ्यात तीन हायत. मी थोरला."

श्रीकांतला हे माहीत नव्हतं. मग त्याने विचारलं, "आणि तू झोपतोस कुठे?"

"मळ्यात. हिरीजवळ शेड हाय न्हवं, तितं. हवा लय ग्वाड आसती."

"तिथे स्ट्रेचर कसं पोचणार?"

अण्णांनी यावर खरंच विचार केला. "ट्रॅक्टर जातोय की," ते म्हणाले. "ट्रॉली जोडली तर धा मानसं बसत्याती. स्ट्रेचर काय घिऊन बसलास श्रीकांता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात चहा झाला आणि सगळे बाहेर निघाले. शेजारच्या हणमंतची हळद काढायला आली होती. इकडे एक पद्धत आहे, तिला पैरा म्हणतात. आज सगळ्यांनी मिळून हणमंतच्या रानात काम करायचं, उद्या सगळ्यांनी अण्णांच्या, परवा तिसऱ्याच्या. मजुरी कोणी घेत नाही. तुम्ही माझ्याकडे एक दिवस आलात, की मीही तुमच्याकडे एक दिवस यायचं, आणि ते आल्याशिवाय चैन पडू द्यायचं नाही. आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी धुवायला माणसं जमवताना मला या पद्धतीची आठवण होते.

श्रीकांतला घरी एकटं बसायचं नव्हतं, म्हणून तो आला. रानात हळदीचे उकरलेले कंद ढिगाने पडले होते, मातीसकट. बायामाणसं ढिगाभोवती बसून कंद मोडत होती. मधला जाड गड्डा वेगळा, त्याला फुटलेली बोटांसारखी हळकुंडं वेगळी आणि सडकी-किडकी वेगळी. मातीला ओला, कडवट वास होता आणि सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे. श्रीकांत बांधावर रुमाल पसरून बसला. एक म्हाताऱ्या बाई, सगळे त्यांना आक्का म्हणत होते, त्या थोडा वेळ त्याला बघत राहिल्या. मग त्यांनी एक कंद त्याच्या मांडीवर टाकला.

"आवं सायेब, हातावर हात ठिवून बसायला हितं काय लगीन हाय का?"

श्रीकांत ढिगापाशी सरकला. पहिले पाच-दहा कंद त्याने भीतभीत मोडले आणि दर खेपेला मनगट पाहिलं. तासाभरात पट्ट्यावर चिखल आणि हळद बसली आणि तो ठोक्यांच्या जागी नुसत्या तीन आडव्या रेघा दाखवू लागला. मी लांबून बघत होते. माझ्याच छातीत धडधडायला लागलं. श्रीकांतने त्या रेघांकडे पाहिलं, पट्टा काढला, शर्टाला पुसला आणि खिशात टाकला. मग पुढचा कंद घेतला.

त्यानंतर तो असह्य झाला. तीन ढीग त्याला कमी वाटले. हळकुंडांचे त्याने लांबीप्रमाणे आणखी तीन ढीग केले आणि ते एका रेषेत लावले. हणमंतच्या बायकोने एक हळकुंड चुकीच्या ढिगावर टाकलं, ते त्याने उचलून जागेवर ठेवलं. मग आक्कांचंही उचललं. आक्कांनी हात थांबवले.

"सायेब, हळद हाय ही. धरनाचं काम न्हाई. वाकडी गेली तरी गाव न्हाई वाहून जायाचं."

सगळं रान हसलं. आणि श्रीकांतही हसला. हास्ययोगातल्यासारखा नाही, हात वर न करता, मान खाली घालून, खांदे हलवत, अण्णांच्या शेजारच्या टेबलावर असताना जसा हसत असेल तसा. मी मान वळवून विहिरीकडे बघू लागले. कोणी विचारलं असतं तर डोळ्यांत हळद गेली म्हणून सांगणार होते, पण कोणी विचारलं नाही.

दुपारी रानातच भाकरी, खर्डा आणि ताक झालं. मग श्रीकांत बांधावरच्या आंब्याखाली आडवा झाला आणि झोपला. ना दार, ना लिफ्ट, आणि मुख्य रस्त्यापासून अर्धा मैल आत. मी त्याच्याजवळ बसून त्याची छाती वर-खाली होते का ते बघू लागले. आठ महिने मी हेच करत होते, पॅसेजच्या तोंडाशी उभी राहून, त्याला कळणार नाही अशा बेताने. इथे मला जवळ बसता आलं. तो घोरत होता आणि मला ते ऐकून इतकं बरं वाटलं, की मीही तिथेच टेकून झोपले. आक्कांनी आमच्या दोघांच्या अंगावर एकच पोतं टाकलं होतं, ते जाग आल्यावर कळलं.

दिवस कलता कलता काम संपलं, कारण अण्णांना जेवायला घरी जायचं होतं. निघताना हणमंत हात जोडून उभा राहिला आणि कोणाकोणाचा पैरा आपल्यावर बसला ते बोलून दाखवू लागला. अण्णांचा एक, आक्कांचा एक, असं करत तो श्रीकांतपाशी आला.

"आन् सायबांचा एक."

"छे, छे," श्रीकांत म्हणाला. "माझं कुठे रान आहे?"

"रान नसंल, काम तर आसंल की."

"मला काही काम नाही आता."

हणमंतचा चेहरा गंभीर झाला. "तसं न्हाई चालत सायेब. कुनाचा पैरा आमी ठिवून घेत न्हाई. आमच्या आज्यानं ठेवला न्हाई. कवा येऊ सांगा."

श्रीकांत पुण्याचा. पुण्यात आपण ज्याला त्याला "या की एकदा घरी" म्हणतो आणि समोरचाही समजूतदार असतो, तो येत नाही. त्याच सवयीने श्रीकांत म्हणाला, "बरं, पुण्याला आलात की या." आणि वर पत्ताही दिला. हणमंतने तो दोनदा म्हणून पाठ केला. आपण काय करून बसलोय हे आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अण्णांच्या रानात काम होतं, तिथेही श्रीकांत बसला, पण अण्णा म्हणाले, मित्रामित्रांत पैरा नसतो. वहिनींनी मला हळद दिली आणि आम्हा दोघांना कुंडलच्या डोंगरावरच्या देवळात नेऊन आणलं. चढताना श्रीकांतने दोनदा थांबून मला विचारलं, "तू दमलीस का?" माझी चौकशी त्याने जूननंतर पहिल्यांदाच केली. मी दमले होते. नाही म्हणून सांगितलं.

पुणे

आता इथे प्रवासवर्णन संपवलं तर फार बरं दिसेल. माणूस हसला, जेवला, झोपला, आणि घरी येऊन नव्याने जगू लागला. तसं झालं नाही. घरात शिरताच श्रीकांतने चपला काढल्या आणि तो कॉटवर बसला. कॉट जिथल्या तिथे होती. दारामागे नकाशा होता. पट्टा त्याने ओल्या फडक्याने पुसून परत बांधला. शिबिराच्या ताईंचा मेसेज आला होता, की मौनात त्याने गाठलेली खोली बघता त्याने पुढच्या पातळीचं शिबिर करावं.

बोटांची हळद आठवडाभर टिकली. ती फिकी होत गेली तशी मला पुन्हा भीती वाटू लागली. रहिमतपूरच्या म्हाताऱ्याचं म्हणणं मी दोनदा त्याच्यापाशी काढायला गेले आणि दोन्ही वेळा त्याऐवजी भाजी कुठली करू असं विचारलं.

मार्च संपता संपता एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात हणमंत आणि त्याचा मेहुणा. मार्केट यार्डात द्राक्षांचा टेंपो खाली करून ते परस्पर आले होते. हातात द्राक्षांची पेटी. आत येताना हणमंत कॉटवर आपटला.

"बसा," मी म्हटलं. "चहा टाकते."

"च्या मागनं. आदी काम सांगा," हणमंत म्हणाला. "पैरा फेडाय आलोय. दोघं हाय, म्हंजी लवकर उरकंल."

श्रीकांत उठून उभा राहिला. फ्लॅटमध्ये दोन तगडी माणसं हात पुसत उभी होती आणि त्यांना द्यायला आमच्याकडे काहीच नव्हतं. मी कुंडीतली माती बदलायचं सुचवलं. हणमंतने बाल्कनीतली एकुलती तुळस पाहिली आणि तो परत आत आला. मेहुण्याने माळा आवरायचा का विचारलं. माळा रिकामा होता, श्रीकांतने जुलैमध्येच तो आवरून ठेवला होता, म्हणजे मागे राहणाऱ्याला त्रास नको.

"राहू द्या हो," मी म्हटलं. "तुम्ही आलात, हेच खूप झालं."

"न्हाई वैनी, तसं कसं? काम केल्याबिगर मी पानी बी घेनार न्हाई."

आणि तो खरंच घेईना. सगळे तसेच उभे होतो. श्रीकांतने हणमंतकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तो बराच वेळ कॉटकडे बघत राहिला. मला वाटलं, त्याला छातीत दुखतंय.

"एक काम आहे," तो म्हणाला. "ही कॉट आत न्यायचीय."

मी कॉटवरची चादर ओढून तिची घडी घालू लागले.

श्रीकांतने दारामागचा नकाशा काढला, चिकटपट्टी फाटू न देता, आणि उलटा धरला. आतून बाहेर यायचा मार्ग आता बाहेरून आत होता. त्याच्याइतकी त्या कोपऱ्याची मापं कोणाला माहीत होती? "उभी करा. डाव्या अंगाला. आता पाय वर. इथेच नऊ इंच कमी पडतात, सांभाळा," असं तो हणमंतच्या मागे मागे बोलत गेला, नऊ महिन्यांत बोलला नव्हता इतका. बेडरूममध्ये माझी कॉट भिंतीला होती. त्यांनी त्याची कॉट आणून टेकवली.

"मदी किती जागा ठिवायची सायेब?" हणमंतने विचारलं.

नकाशा श्रीकांतच्या हातातच होता. त्याने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"अजिबात नको," तो म्हणाला.

हणमंतने आणि मेहुण्याने एकदम जोर लावला आणि लाकूड लाकडाला लागल्याचा आवाज आला. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले, कारण मला तिथे उभं राहवेना. आत मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"ह्ये काय झालं सायेब? धा मिन्टाचं काम. ह्यानं पैरा फिटत न्हाई. आजून लय ऱ्हायलाय."

"राहू दे," श्रीकांत म्हणाला. "पुढच्या वर्षी हळदीला येतो आम्ही, तेव्हा बघू."

चहात मी साखर दोनदा घातली. तिघांनीही तो मुकाट्याने प्याला.